रंग आधी, उजेड नंतर: स्टॅक केलेल्या आकाशचित्राचं एडिटिंग

आकाशाच्या एकाच भागाच्या शंभर फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी काढली, की गोंगाटाच्या तुलनेत संकेत दहापट वर येतो. तरीही स्टॅकची फाइल उघडल्यावर दिसतं ते जवळजवळ काळं चित्र आणि त्यात चार-दोन ठळक तारे. स्टॅकिंग फसलेलं नसतं. चित्र अजून लिनिअर असतं, म्हणजे पिक्सेलवर जेवढा प्रकाश पडला तेवढाच त्याचा आकडा. तेजोमेघाची सगळी माहिती हिस्टोग्रामच्या (कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत ते दाखवणाऱ्या आलेखाच्या) डाव्या कडेच्या एका अरुंद सुळक्यात दाटलेली असते.

तो सुळका उजवीकडे पसरवणं म्हणजे स्ट्रेच. घाई होते ती इथेच. रंगाचं बहुतेक काम स्ट्रेचच्या आधी उरकायला हवं. का, ते एका पिक्सेलवर पाहू. ० ते १ या मापावर तेजोमेघाचा लाल ०.०४ आणि निळा ०.०२ आहे, म्हणजे प्रमाण २:१. प्रकाश प्रदूषणाने दोन्हींत ०.१० ची भर घातली की आकडे होतात ०.१४ आणि ०.१२, दुप्पट असलेला लाल आता जेमतेम १.२ पट. ही भर काढून टाकली, पण नंतर चौथ्या मुळाइतका तीव्र वक्र लावून उजळलं, तर ०.४५ आणि ०.३८ मिळतात. पुन्हा १.२ पटच. फिकट चित्रांचं मूळ बहुतेक वेळा या दोन ठिकाणी असतं. नंतर सॅच्युरेशन वाढवलं तर रंगाबरोबर रंगीत गोंगाटही तेवढाच भडकतो.

म्हणून सुरुवात पार्श्वभूमीपासून. आधी कडा कापा. तिथे कमी फ्रेम एकमेकींवर येतात आणि पार्श्वभूमीचं गणित बिघडतं. मग सिरिल किंवा पिक्सइनसाइट या आकाशचित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये रिकाम्या आकाशावर नमुने ठेवून पार्श्वभूमी वजा करा. वजाच, कारण प्रदूषणाचा प्रकाश मूळ प्रकाशात मिसळलेला असतो. लेन्समुळे कोपरे काळवंडणं हा गुणाकाराचा दोष आहे. त्यावर फ्लॅट फ्रेमने, म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या फोटोने, भागणं हाच उपाय. पार्श्वभूमीचा उतार मांडणाऱ्या बहुपदीची कोटी (सर्वात मोठा घातांक) १ किंवा २ पासून सुरू करा. काढलेली पार्श्वभूमी वेगळी उघडून पाहणं फार महत्त्वाचं: तिच्यात तेजोमेघाचा आकार दिसला, तर नमुने चुकीच्या जागी पडलेत आणि आपण तेजोमेघच वजा करत आहोत. कृत्तिकांभोवतीची धूळ अख्खी चौकट भरते, तिथे ही चूक हमखास होते.

यानंतर रंगसंतुलन. रंगीत कॅमेऱ्यातल्या बेयर संवेदकाचा हिरव्या रंगाला प्रतिसाद लाल-निळ्यापेक्षा चांगला असतो, म्हणून कच्चा स्टॅक हिरवट दिसतो. फोटोमेट्रिक कॅलिब्रेशन चित्रातले तारे गायासारख्या तारासूचीशी जुळवून त्यांच्या मोजलेल्या रंगांवरून संतुलन ठरवतं. डोळ्यांच्या अंदाजापेक्षा ते कितीतरी भरवशाचं. उरलेला हिरवा गोंगाट काढा, पण ग्रहीय तेजोमेघांत हात आखडता ठेवा. आयनित ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा प्रकाश खरोखरच निळसर हिरवा असतो. हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश साध्या डीएसएलआरमधला फिल्टर बराचसा अडवतो. ती तूट लाल स्लायडर ओढून भरू नका, तारेही लाल होतील.

डीकॉन्व्होल्यूशन, म्हणजे पसरलेला प्रकाश गणिताने परत आवळणं, हेही लिनिअर अवस्थेतच करावं. ताऱ्याचा ठिपका कसा पसरलाय यावरून ते तपशील परत आवळतं, आणि स्ट्रेचनंतर तो ठिपका मूळ आकाराचा राहत नाही. ताऱ्यांभोवती काळी कडी दिसू लागली की आवर्तनं जास्त झाली.

स्ट्रेचसाठी आर्कसिंच हे गणिती सूत्र निवडा. प्रत्येक पिक्सेलच्या तिन्ही रंगांना ते एकाच संख्येने गुणतं. सुरुवातीच्या उदाहरणातल्या पिक्सेलला १२ ने गुणलं तर ०.४८ आणि ०.२४, प्रमाण २:१ शाबूत. स्लोन या आकाश सर्वेक्षणाच्या रंगीत चित्रांसाठी रॉबर्ट लप्टन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हीच कल्पना मांडली होती. एकदम नाही, दोन-तीन टप्प्यांत ताणा. काळा बिंदू (ज्याच्या खालचं सगळं ठार काळं होतं तो आकडा) सुळक्याच्या पायथ्याच्या थोडा डावीकडेच राहू द्या. ० ते २५५ मापावर पार्श्वभूमी २० ते ३० च्या आसपास आणि तिन्ही रंगांत सारखी असावी. ठार काळं आकाश म्हणजे कापली गेलेली अंधूक धूळ. सॉफ्टवेअरमधला ऑटोस्ट्रेच फक्त पडद्यावर उजळून दाखवतो, फाइलमधले आकडे बदलत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

तारे फुगत असतील तर स्टारनेट या सॉफ्टवेअरने ते वेगळे करा, तेजोमेघ हवा तसा उचला आणि तारे स्क्रीन मोडने (बेरीज कमाल आकड्याच्या वर जाऊ न देणाऱ्या मिश्रणाने) परत बसवा. साध्या बेरजेत उजळ भाग जळतात. जिथे तिन्ही रंग आधीच कमाल आकड्याला टेकलेत, तिथे रंग उरलेलाच नसतो. मृग नक्षत्रातल्या एम ४२ च्या गाभ्यासाठी काही सेकंदांच्या फ्रेमचा वेगळा स्टॅक लागतोच.

गोंगाट कमी करताना रंगावर जोर द्या, तेजावर हलका हात ठेवा. डोळा बारकावे तेजात शोधतो. सगळं काम ३२ बिटमध्ये, जेपेग अगदी शेवटी. ८ बिटमध्ये २५६ च पायऱ्या असतात, त्या ताणल्या की आकाशात पट्टे उमटतात.

एखादा धूसर तंतू खरा की गोंगाटातून घडलेला, अशी शंका आली तर सम आणि विषम क्रमांकाच्या फ्रेमचे दोन स्टॅक करा आणि दोन्हींवर तंतोतंत तीच प्रक्रिया चालवा. तंतू एकाच चित्रात दिसला, तर शार्पनिंग मागे घ्या.