दूरचित्रवाणीवरील मोटारकसरती : अर्थव्यवहार व चित्रीकरण

मोटारींची पारख करणाऱ्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांत गाडी रॅम्पवरून उडवणे, उलटवणे, बोटीसारखी पाण्यात घालणे किंवा तिला अग्निबाणाचे रूप देणे अशा कसरतींना मोटारकसरत (प्रचलित शब्द ‘स्टंट’) म्हणतात. २००३ मध्ये बीबीसी या ब्रिटिश प्रसारण संस्थेच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात जुनी टोयोटा हायलक्स पाडल्या जाणाऱ्या बहुमजली इमारतीच्या माथ्यावर ठेवण्यात आली होती आणि ढिगाऱ्यातून काढल्यावर ती पुन्हा सुरू झाली, हे या प्रकाराचे सर्वपरिचित उदाहरण होय.

उगम : याविषयी दोन मते आढळतात. एका मताप्रमाणे या कसरती चित्रपटांतील पाठलागाच्या दृश्यांवरून आल्या. दुसऱ्या मताप्रमाणे त्यांचे मूळ अमेरिकेतील राज्यमेळ्यांत, साधारणपणे दोन महायुद्धांच्या दरम्यान रुजलेल्या ‘थ्रिल शो’ या खेळांत आहे. दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते, कारण चित्रपटांनीच माणसे आणि युक्त्या या मेळ्यांतून उचललेल्या दिसतात. लकी टीटर हा मेळ्यांतील प्रसिद्ध उडीबहाद्दर १९४२ मध्ये इंडियाना राज्यमेळ्याच्या मैदानावर प्रयोग करतानाच मरण पावला. त्याचे साहित्य पुढे जोई चिटवुड याच्याकडे गेले आणि चिटवुडच्या नावाचा खेळ नंतर अनेक वर्षे गावोगाव फिरत राहिला. हवेत पूर्ण गिरकी घेणारी उडी कॉर्नेल एरोनॉटिकल लॅबोरेटरीतील संगणकीय गणितावर बेतलेली होती. ती १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या बंदिस्त क्रीडागारात प्रेक्षकांसमोर झाली आणि १९७४ च्या जेम्स बाँड चित्रपटात दिसली ती त्यानंतर. आपल्याकडच्या जत्रा-उरुसांत लाकडी भिंतीवर मारुती ८०० फिरवणारा ‘मौत का कुआ’ याच घराण्यातला आहे. उभ्या भिंतीचा हा खेळ अमेरिकी करमणूक उद्यानांत बहुधा १९१० च्या दशकात आकारास आला.

अर्थव्यवहार : ‘टॉप गिअर’ १९७७ मध्ये बर्मिंगहॅम येथून सुरू झाला, २००१ मध्ये थांबला आणि २००२ मध्ये सूत्रसंचालक जेरेमी क्लार्कसन व निर्माता अँडी विल्मन यांनी त्याला पुढे परिचित झालेले रूप दिले. बीबीसीचा देशांतर्गत खर्च प्रेक्षकांच्या परवानाशुल्कातून चालतो व तिला प्रायोजक घेता येत नाहीत. मात्र परदेशी वाहिन्यांना विक्री, मासिक आणि रंगमंचीय प्रयोग यांचे उत्पन्न तिच्या व्यापारी शाखेकडे येत असे. या उत्पन्नात क्लार्कसन व विल्मन यांचाही वाटा होता, तो २०१२ मध्ये विकत घेण्यात आला. ॲमेझॉनने पुढे क्लार्कसन व विल्मन यांच्या ‘द ग्रँड टूर’ या नव्या मोटार कार्यक्रमाच्या ३६ भागांसाठी एकूण १६ कोटी पौंड मोजल्याचे वृत्तपत्रांनी छापले, हा आकडा अधिकृत मानू नये. नव्या गाड्या बहुधा निर्मात्या कंपन्यांच्या प्रसिद्धी ताफ्यातून उसन्या मिळतात आणि मोडायच्या असतात त्या जुन्या बाजारातून घेतल्या जातात. ठरावीक रकमेत जुनी गाडी घेऊन आव्हान पार पाडण्याचा साचा म्हणूनच विनोदालाही उपयोगी पडतो आणि हिशेबालाही. खरा खर्च गाडीवर नसून तंत्रज्ञांचे दिवस, विमा, जागेचे भाडे, रुग्णवाहिका आणि प्रवास यांवर होतो. जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्यांची अडचण निराळी असते, कारण जाहिरातदार व परीक्षेचा विषय बहुधा एकच कंपनी असते. भारतातील मोटार कार्यक्रम मोडतोडीपेक्षा चालवून पाहण्यावर भर देतात त्यामागे हेही कारण असावे.

चित्रीकरण : वाहतूक नसलेली जुनी धावपट्टी ही सर्वांत सोयीची जागा ठरते, ‘टॉप गिअर’ने सरे परगण्यातील डन्सफोल्ड विमानतळ वापरला. उलटणाऱ्या गाडीत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवतात, तिच्या काचा काढतात आणि इंधन अगदी थोडे ठेवतात. उडीचे गणित शालेय आहे : २० अंशांच्या रॅम्पवरून ताशी ६० किमी वेगाने सुटलेली गाडी, हवेचा रोध सोडल्यास, त्याच उंचीवर सुमारे १८ मीटर पुढे उतरते. मात्र पुढची चाके आधी सुटतात व इंजिनाचे वजनही बहुधा पुढे असते, त्यामुळे नाक खाली जाते. म्हणून डिकीत वजन भरतात. उडी एकदाच होते, त्यामुळे अनेक कॅमेरे एकाच वेळी चालू ठेवतात, आणि चालकाचा चेहरा वा चाकाचे जवळचे दृश्य वेगळ्या वेळी घेऊन संकलनात जोडतात.

दिसते ते किती खरे, हा वाद जुना आहे. ‘टॉप गिअर’मधील तीनचाकी रिलायंट रॉबिन गाडी वारंवार उलटावी म्हणून तिच्या यंत्रणेत फेरफार केल्याचे क्लार्कसनने नंतर स्वतःच लिहिले. टेस्लाने आपल्या रोडस्टर गाडीच्या परीक्षणावरून २०११ मध्ये बीबीसीवर दावा लावला, पण न्यायालयांनी तो फेटाळला. धोका मात्र खराच असतो : २००६ मध्ये इंग्लंडमधील एल्व्हिंग्टन येथे जेट इंजिनाच्या गाडीत रिचर्ड हॅमंड आणि २०२२ मध्ये डन्सफोल्डला अँड्र्यू फ्लिंटॉफ हे ‘टॉप गिअर’चे सूत्रसंचालक गंभीर जखमी झाले. दुसऱ्या अपघातानंतर बीबीसीने कार्यक्रम थांबवला.

नाशिक परिसर : वाहन व सुटे भाग बनवणारे कारखाने आणि गॅरेज कारागीर यांमुळे असल्या कामाचे कौशल्य व माल येथे आहे, ‘रॅली ऑफ महाराष्ट्र’ ही मोटारशर्यतही या भागात झालेली आहे. ओझरची धावपट्टी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्याची असून तेथून प्रवासी विमानेही उडत असल्याने ती या कामी धरता येत नाही. सार्वजनिक रस्त्यावर शासनाच्या लेखी संमतीवाचून शर्यत वा वेगचाचणी करणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाबाहेरच्या बदलांना आडकाठी करते, त्यामुळे पिंजरा बसवलेली गाडी चित्रीकरणस्थळी ट्रकवर लादून नेणे सोयीचे. एमएच १५ क्रमांकाची गाडी कसरतीत कायमची निकामी झाली, तर कलम ५५ नुसार मालकाने ते चौदा दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवून नोंदणीपुस्तक जमा करावयाचे असते.