शिंगरू मेलं हेलपाट्यानं

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दुपारच्या उन्हात मी एका घोडीच्या सौद्याची गंमत बघत उभा होतो. दत्तजयंतीला तापीकाठी ही यात्रा भरते. एकमुखी दत्ताचं दर्शन घ्यायचं आणि मग घोडे बघत हिंडायचं, हा खानदेशातला जुना शिरस्ता. मालक प्रत्येक गिऱ्हाइकासमोर घोडीला रवाल चालीत पळवून दाखवत होता. साठ-सत्तर पावलं तिकडे, तेवढीच परत. आणि दर फेरीला तिच्या मागे तिचं दीड-दोन महिन्यांचं शिंगरू. त्याचा सौदा नव्हता, त्याला कुणी बोलावलंही नव्हतं. सात-आठ गिऱ्हाइकं झाल्यावर घोडी दावणीला आली ती कान टवकारून, ताजीतवानी. शिंगरू तिच्या सावलीत गेलं आणि चारी पाय ताणून धुळीत आडवं झालं.

‘घोडी मेली ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं’ ही म्हण आपण उगाच खेटे घालणाऱ्या माणसाला लावतो. ज्यानं ती पहिल्यांदा वापरली त्यानं घोडी आणि शिंगरू नीट बघितलेलं असणार, एवढं मला त्या दुपारी पटलं.

गाय रानात व्याली तर वासराला गवतात, झुडपाआड ठेवून चरायला जाते. वासरूही ती येईपर्यंत गुपचूप पडून राहतं. शेळीचं, हरणाचं साधारण तसंच. घोडीचं बरोबर उलट. मोकळ्या माळावरचं हे जनावर, तिथे दडणार कुठे? पळणं हाच एक बचाव. म्हणून शिंगरू लपत नाही, आईच्या मागे लागतं. पहिल्या आठवड्यात ते बहुतेक वेळ तिच्यापासून चार-पाच मीटरच्या आतच असतं. ती चालली की हे चाललं. कुठे आणि कशासाठी, हा प्रश्न त्याच्यापुरता नाहीच.

त्यासाठी लागणारं सामान ते पोटातूनच घेऊन येतं. घोडी साधारण अकरा महिने गाभण असते, आणि जन्मलेलं शिंगरू आईच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतकं भरतं. त्यात पायच पाय. खुरांवर मात्र रबरासारखं मऊ, झिरमिळ्या असलेलं आवरण असतं, आईच्या गर्भाशयाला इजा होऊ नये म्हणून. पहिल्यांदा बघणारा माणूस ते बघून घाबरतो, पण चालायला लागलं की ते झिजून जातं. घोडी बहुधा रात्री विते, आजूबाजूला सामसूम झाल्यावर. रात्रभर राखण करणारा माणूस चहाला म्हणून गेला आणि परत येतो तो शिंगरू बाहेर, असे किस्से घोडेवाल्यांकडे ढिगानं मिळतील. पुढचं घड्याळ एक-दोन-तीनचं: तासाभरात शिंगरानं उभं राहावं, दोन तासांत कासेला लागावं, तीन तासांत वार पडावी. यातलं काही लांबलं तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा. नाहीतर मग वरातीमागून घोडं.

कासेला लागण्याची एवढी घाई चिकासाठी. माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं पोटात असतानाच आईच्या रक्तातून मिळतात. घोडीच्या वारेचे थर इतके जाड असतात की प्रतिपिंडं त्यांतून पलीकडे जात नाहीत, त्यामुळे शिंगरू जवळजवळ कोऱ्या पाटीनं जन्माला येतं. ती मिळतात चिकातून. आणि ती जशीच्या तशी रक्तात घेणारं आतड्याचं दार पहिले काही तासच सताड उघडं असतं. चोवीस तासांत ते बंद होतं. नंतर कितीही दूध पाजलं तरी पोट भरेल, ती कसर भरून निघत नाही. मग डॉक्टरला शिरेतून रक्तद्रव द्यावा लागतो. गायीच्या चिकाचा खरवस करणारे आपण, घोडीच्या चिकाच्या वाटेला जात नाही हे शिंगराचं नशीब.

नव्या शिंगराला मागे लागायचं कळतं, पण कुणाच्या, ते शिकावं लागतं. सुरुवातीला समोरून हलणारं काहीही मोठं दिसलं की ते त्यामागे निघू शकतं. म्हणूनच व्यालेली घोडी पहिले काही दिवस दुसऱ्या घोड्यांना जवळ फिरकू देत नाही. कान मागे पाडते, दात दाखवते. तेवढ्या वेळात शिंगरू तिचा वास, तिचा रंग, घशातल्या घशात मारलेली ती हलकी हाक ओळखायला शिकतं. नेमक्या त्याच दिवसांत सगळी आळी मोबाइल घेऊन तबेल्यात जमते, हे काही बरं नाही.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. फ्रान्समधल्या रेन विद्यापीठातल्या सेव्हरीन आंरी, मार्टिन ओसबेर्जे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. शिंगरू जन्मल्यावर पहिले पाच दिवस, रोज थोडा वेळ, त्यांनी घोडीला खरारा केला. शिंगराला हात लावला नाही. ते बाजूला उभं राहून नुसतं बघत होतं. पुढे ही शिंगरं माणसाला कमी बुजली, जवळ येऊ लागली, अंगावर हात फिरवू देऊ लागली, आणि हा फरक वर्षभरानंतरही टिकून होता. उलट, त्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, ज्या शिंगरांना माणसांनी जबरदस्तीनं धरून कासेला लावलं, ती दोन आठवड्यांची असताना माणूस आला की लांब सरकत होती. आपण केलेला उपकार त्यांच्या लेखी नुसती धरपकड होती.

बाजारात गिऱ्हाईक शिंगराच्या गळ्यावर देवमण, म्हणजे शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा, आहे का बघतं, बाकीचे भोवरे मोजतं, ओठ वर करून दात तपासतं. दातांचं ठीक आहे, त्यावरून वय कळतं: पुढच्या दुधाच्या दातांची पहिली जोडी आठवड्याच्या आत, दुसरी दीड महिन्याच्या सुमारास, तिसरी सहा महिन्यांच्या आगेमागे. भोवऱ्यांवरून शिंगरू पुढे कसं वागेल हे मात्र मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. त्यापेक्षा आईजवळ पाच मिनिटं उभं राहावं. हात उचलला की ती दचकते का, मालक आला की मान वळवते का, ते बघावं.

उन्हाळ्यात जन्मलेली शिंगरं दत्तजयंतीला सात-आठ महिन्यांची असतात, आणि विक्रीही याच वयात सुरू होते. मोकळ्या कळपात घोडी शिंगराला नऊ-दहा महिने, पुढचं शिंगरू येण्याच्या बेतापर्यंत पाजते आणि मग हळूहळू दूर करते. बाजारात ते एका दुपारी होतं. अशा अचानक तोडलेल्या शिंगरांना लाकूड चावत राहण्यासारख्या खोडी लागू शकतात, आणि लागलेली खोड सहसा सुटत नाही. नात्यातली नसली तरी एखादी शांत, पोक्त घोडी सोबत ठेवली तर शिंगरं कमी बिथरतात, हेही बघितलं गेलं आहे.

त्या संध्याकाळी शेजारच्या दावणीतलं एक शिंगरू विकलं गेलं. चौघांनी ढकलून त्याला पिकअपमध्ये चढवलं, मागे फळी लावली. गाडी पुलाकडे वळली तरी आतून त्याचं खिंकाळणं ऐकू येत होतं. इकडे त्याची आई दाव्याला हिसके देत उत्तर देत होती. रात्री जेवून परत आलो तेव्हा ती उभीच होती. पुढ्यातली चंदी तशीच, आणि कासेतून दूध ठिबकत होतं.