डावाची दूरची समज : ग्रँडमास्टर आणि इंजिन

वीस-पंचवीस चालींनंतर पट कसा दिसेल याचा अंदाज बांधून आजची चाल ठरवणे, याला बुद्धिबळात दूरची समज म्हणतात. ग्रँडमास्टर त्यासाठी सगळ्या चाली मोजत नाही. पटावर काय बदलेल आणि काय शेवटपर्यंत तसेच राहील, हे तो आधी वेगळे करतो : अडकलेली प्यादी, प्याद्याने कधीच न हुसकता येणारा घोडा, मारामारीनंतर उरणाऱ्या उंटाच्या घरांचा रंग. मग हवी ती मांडणी मनात धरून तिथून उलट मागे येतो.

इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक प्रोग्रॅम, मात्र चालीमागून चाल तपासत पुढे जाते. एका स्थितीत सरासरी 35 च्या आसपास चाली शक्य असतात. दोन्ही बाजूंची एकेक चाल धरली तरी बाराशेवर शक्यता होतात. अल्फा-बीटा छाटणीने, म्हणजे निकाल बदलू न शकणाऱ्या चाली न तपासता सोडून देण्याने, बऱ्याच फांद्या गळतात, तरी शोध कुठेतरी थांबवावाच लागतो. जुन्या प्रोग्रॅमांचा नेहमीचा दोष इथलाच. मोहरे जाणार हे ठरलेले असले, तरी मध्ये शह देऊन किंवा प्यादी फेकून ते नुकसान शोधाच्या हद्दीपलीकडे ढकलायचे आणि टळले असे मानायचे. याला क्षितिज परिणाम म्हणतात.

1997 मध्ये तेव्हाचा जगज्जेता कास्पारोव्ह याला 3.5–2.5 गुणांनी हरवणारा आयबीएमचा संगणक डीप ब्ल्यू सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. पण लगेच पुढच्या वर्षी स्पेनमधल्या लिनारेस स्पर्धेत ग्रँडमास्टर टोपालोव्हविरुद्ध ग्रँडमास्टर शिरोव्हने 47 व्या चालीला उंट एच3 वर नेऊन फुकट दिला, तो राजाला ई4 घरापर्यंत पोचायला एक चाल वाचावी म्हणून. त्या काळच्या प्रोग्रॅमांना ही चाल सुचत नव्हती.

हे चित्र 2017 मध्ये स्वतःशीच खेळून शिकलेल्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमने बदलले. तेव्हाचे आघाडीचे इंजिन स्टॉकफिश सेकंदाला सुमारे 7 कोटी स्थिती पाहत होता, अल्फाझीरो 80 हजार. तरी 100 डावांत अल्फाझीरोने 28 जिंकले, 72 बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. 2020 मध्ये स्टॉकफिशनेही न्यूरल नेटवर्कचे (उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्याचे) मूल्यमापन घेतले. ‘यंत्राला पोझिशन कळत नाही’ हे विधान तेव्हापासून बहुतांशी शिळे झाले आहे.

यंत्र अजून चुकू शकते अशी उरलेली जागा मुख्यतः तटबंदीची (फोर्ट्रेसची), म्हणजे मोहरे कमी असूनही फोडता न येणाऱ्या बचावाची. पांढऱ्याकडे राजाखेरीज फक्त एच-प्यादे (कडेच्या एच पट्टीतले) आणि पांढऱ्या घरांचा उंट असेल व काळा राजा एच8 च्या कोपऱ्यात पोचला असेल, तर डाव बरोबरीत सुटतो, कारण एच8 हे काळे घर आहे आणि उंट राजाला तिथून हुसकू शकत नाही. शिकाऊ मुलालाही हे सांगता येते. निव्वळ मोहऱ्यांचे गुण मोजणारा प्रोग्रॅम मात्र पांढऱ्याची मोठी आघाडी दाखवी. ही विशिष्ट स्थिती पुढे प्रोग्रॅमांना शिकवली गेली. सहा मोहऱ्यांपर्यंतच्या स्थितींचे अचूक निकाल साठवणारी सीझीजी कोष्टके तर सुमारे 150 जीबीत मावतात. पण पट भरलेला असताना प्याद्यांची भिंत उभी राहिली, की कोण किती वरचढ हे सांगणारा इंजिनचा आकडा आजही फसवू शकतो.

सोलापुरात सराव करणाऱ्याने इंजिन मोबाईलवर चालवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, फोन तापतो आणि प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो. म्हणून ‘दोन मिनिटे लावले’ याला अर्थ नाही, गाठलेली खोली (डेप्थ), म्हणजे इंजिनने किती चाली पुढचे पाहिले ते, पाहावे. पंख्याखाली, चार्जर काढून चालवलेले बरे. आकड्याचाही गैरसमज होतो : स्टॉकफिश 15.1 पासून +1.00 म्हणजे एक प्यादे जास्त नव्हे, तर तुल्यबळ इंजिनांच्या लढतीत जिंकण्याची 50 टक्के शक्यता.

इंजिन लावण्याआधी आपला अंदाज आणि योजना वहीत लिहावी, मग तीन पर्यायी चाली एकदम दाखवायला सांगावे. तिन्हींचे आकडे जवळपास सारखे आले आणि वीस-तीस चाली पुढे खेळवूनही आकडा हलला नाही, तर तटबंदीचा संशय घ्यावा. त्यानंतर कोणते प्यादे पुढे सरकवून किंवा कोणते मोहरे बळी देऊन भिंत फुटते का, हे हाताने एकेक करून तपासावे. असा एकही मार्ग नसेल, तर +2.50 दिसत असूनही वहीत बरोबरी लिहावी.