कॉलनीत पोलिसांशी जोडलेले कॅमेरे हवेत? इंदूरमध्ये सरकारी निधीसाठी अर्ज कसा करायचा

दोन चेन ओढल्या गेल्या की कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधी "कॅमेरे बसवा" येतं आणि लगेच मागून "सरकार पैसे देतं म्हणे". देतं, हे खरं आहे. पण त्यासाठी एमपी ऑनलाइनच्या, म्हणजे सरकारी अर्ज भरून देणाऱ्या, दुकानात जाऊन फॉर्म मागितलात, तर हात हलवत परत याल. असा एक छापील फॉर्म नाहीच. निधी तीन-चार ठिकाणी आहे, प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत आणि सगळीकडे पहिला प्रश्न एकच येतो: उद्या हे कॅमेरे कुणाचे? त्याचं उत्तर कागदावर नसेल, तर खासदारांची शिफारस असूनही फाइल कलेक्टोरेटमध्ये पडून राहते.

आधी जे आपल्या हातात नाही ते बाजूला काढू. पोलीस हा राज्याचा विषय. केंद्राची पोलीस आधुनिकीकरणाची छत्री योजना 2021-22 ते 2025-26 या काळासाठी 26,275 कोटींची मंजूर झाली आणि त्यातले 4,846 कोटी राज्य पोलिसांच्या आधुनिकीकरणाचे. मध्य प्रदेशासारख्या राज्यात केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. वायरलेस, फॉरेन्सिक उपकरणं असली मोठी खरेदी या वाटेनं होते. त्यासाठी पोलीस मुख्यालय वार्षिक कृती आराखडा बनवतं, राज्यस्तरीय समिती तो तपासते आणि मग तो गृह मंत्रालयाकडे जातो. या रांगेत रहिवासी संघाला जागा नाही. इंदूरमध्ये 9 डिसेंबर 2021 पासून पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे फार तर आयुक्तांना पत्र देऊन आपल्या भागाची गरज आराखड्यात घालायची विनंती करता येते. निर्भया निधीतून ज्या आठ शहरांना सेफ सिटी प्रकल्प मिळाला, त्यांत अहमदाबाद आणि मुंबई आहेत, इंदूर नाही. स्मार्ट सिटी मिशनची मुदत 31 मार्च 2025 ला संपली, तेव्हा "स्मार्ट सिटीतून करून घेऊ" असं कुणी सांगितलं तर चहा पाजून निरोप द्यावा. ड्रोन आणि चेहरा ओळखणारी यंत्रणा कॉलनीच्या अर्जात घालूच नका. त्या एका ओळीपायी सगळा अर्ज भोपाळच्या विचारार्थ ठेवला जाईल.

थान्याच्या, म्हणजे पोलीस ठाण्याच्या, आतले कॅमेरे हाही वेगळा विषय. 2 डिसेंबर 2020 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक थान्यात कॅमेरे आणि 18 महिन्यांचं, ते जमत नसेल तर किमान एक वर्षाचं, रेकॉर्डिंग सांगितलं आहे. ती जबाबदारी राज्याची. तिचा खर्च लोकवर्गणीवर कशाला?

आपल्यासाठी उरतात खासदार निधी, विधायक (आमदार) निधी, पार्षदामार्फत (नगरसेवकामार्फत) नगर निगमचा, म्हणजे महापालिकेचा, पैसा आणि जनभागीदारी. खासदारांना वर्षाला 5 कोटींची कामं सुचवता येतात. लोकसभेच्या खासदारानं सहसा आपल्या मतदारसंघात, राज्यसभेच्या खासदारानं राज्यात कुठेही. हे दुसरं लोक विसरतात. मध्य प्रदेशातून राज्यसभेवर गेलेल्या कुणाही खासदाराला इंदूरसाठी पत्र देता येतं. लक्षात ठेवायचं ते हे की खासदार फक्त शिफारस करतो. मंजुरी, काम कोणत्या एजन्सीकडे द्यायचं आणि पैसे देणं, हे सगळं जिल्हा प्रशासन करतं. शिफारस आता खासदार निधीच्या ई-साक्षी पोर्टलवरून जाते, त्यामुळे लेटरहेडवरची सही घेऊन खूश होऊ नका. पोर्टलवर काम चढलं का, ते खासदारांच्या कार्यालयात विचारा. विधायक निधीची फाइलही शेवटी जिल्हा योजना एवं सांख्यिकी कार्यालयातूनच फिरते. जनभागीदारीत खर्चाचा ठरावीक वाटा लोकांनी भरायचा आणि उरलेला शासनानं. ज्या कॉलनीत वर्गणी जमते तिला ही वाट बरी, कारण स्वतःचे पैसे घातलेल्यांचं म्हणणं बाबू जरा लक्ष देऊन ऐकतो.

पात्रतेत जागा सार्वजनिक असणं सगळ्यात महत्त्वाचं. नगर निगमला हस्तांतरित झालेला रस्ता, चौक, बगीचा चालतो. फाटक लावून बंद केलेली टाउनशिप, बिल्डिंगचं पार्किंग, खाजगी दुकानांची रांग चालत नाही. खासदार निधीतून धार्मिक स्थळाच्या आवारातही काम होत नाही. तेव्हा गणपती मंदिराच्या भिंतीवरचा कॅमेरा यादीतून काढा आणि समोरच्या चौकातला ठेवा. कॉलनी हस्तांतरित आहे की नाही याबद्दल अध्यक्षांची खात्री पुरत नाही, निगमच्या झोन कार्यालयाचा कागद लागतो. वस्ती अनुसूचित जाती किंवा जमातीची असेल तर अर्जात ठळक लिहा. खासदारांनी अशा वस्त्यांसाठी अनुक्रमे 15 आणि 7.5 टक्के रकमेची कामं सुचवावीत, अशी नियमावलीची अपेक्षा आहे.

अर्जदार म्हणून नोंदणीकृत रहिवासी संघ असला की काम सोपं जातं. 1973 च्या मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियमाखालचं प्रमाणपत्र जोडायचं, सोबत कलम 27 ची कार्यकारिणीची चालू वर्षाची यादी. आपल्या मराठी मंडळांची गोची इथंच होते. प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर, आणि यादी चार वर्षांत भरलेलीच नाही! ती आधी भरा.

आता खरा कागद: थान्याचं पत्र. थाना प्रभारींना लेखी अर्ज देऊन दोन गोष्टी मागा. एक, या ठिकाणी कॅमेऱ्यांची गरज आहे, असा अभिप्राय. अभिप्रायात मागच्या वर्षातल्या घटनांचा उल्लेख आला तर उत्तम. दोन, बसवल्यावर यंत्रणा कुणाच्या ताब्यात राहील आणि देखभाल कोण करील, याची संमती. थाना प्रभारी दुसरी गोष्ट स्वतःच्या सहीनं देणार नाहीत, ते ती पोलीस झोनच्या डीसीपींकडे (उपायुक्तांकडे) पाठवतील. पाठवू द्या. खासदार निधीत मंजुरीआधी वापरणाऱ्या खात्यानं देखभालीची हमी द्यावी लागते, आणि वीजबिल, इंटरनेट, दुरुस्ती असला आवर्ती खर्च त्या निधीतून निघत नाही. पोलीस "बजेट नाही" म्हणाले, तर निगम किंवा संघ तो खर्च उचलेल असं तिघांच्या पत्रव्यवहारातून ठरवून घ्या आणि संघाचा तसा ठराव जोडा. हे आधी झालं की पुढचं सगळं कारकुनी काम.

ताबा कुणाचा, हे कोर्टातही विचारलं जातं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे फुटेज पुराव्यात द्यायचं तर प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही असते. रेकॉर्डिंग साठवणारा डीव्हीआर कोषाध्यक्षांच्या दिवाणखान्यात असेल, तर कोर्टाचं बोलावणंही त्यांनाच येईल.

बाकी कागद असे: सर्वसाधारण सभेचा ठराव, रहिवाशांच्या सह्या, जागांचे फोटो, नजरी (हातानं काढलेला) नकाशा आणि खर्चाचं प्राक्कलन, म्हणजे अंदाजपत्रक. नकाशात प्रत्येक खांब दाखवा आणि तो कुणाचा तेही लिहा. दिव्याचा खांब सहसा निगमचा असतो. ज्यावरून विजेची लाइन जाते तो पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचा, आणि त्यावर कॅमेरा लावायला पोलोग्राऊंडवाल्यांची, म्हणजे याच कंपनीच्या कार्यालयाची, परवानगी वेगळी. वीज जोडणी कुणाच्या नावावर घेणार, हेही तिथंच लिहून टाका.

प्राक्कलन दुकानदाराच्या कोटेशनवरून बनवू नका. खरेदी सरकारी नियमांनी, जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरून किंवा निविदेतूनच होणार. त्यामुळे ब्रँडचं नाव लिहिण्याऐवजी गरज लिहा. चौकातला साधा कॅमेरा रात्री धावत्या गाडीची नंबर प्लेट वाचत नाही, त्यासाठी वेगळा कॅमेरा लागतो आणि तो महाग असतो. तो येण्या-जाण्याच्या दोन तोंडांवर ठेवा, बाकी ठिकाणी साधे. साठवणुकीचा हिशेबही मांडा: सतत 2 एमबीपीएसनं रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला सुमारे 21.6 जीबी घेतो, म्हणजे 30 दिवसांत 648 जीबी. बारा कॅमेऱ्यांना जवळजवळ 8 टीबी. हार्ड डिस्क 4 टीबीची लिहिलीत, तर पंधरवड्यापूर्वीची घटना पुसलेली असेल आणि लोक बहुधा त्यानंतरच थान्यात येतात. 9 एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या चाचणीची अटही लागू झाली आहे, ती प्राक्कलनात एका ओळीत घाला. कॅमेरे कुणाच्या बाल्कनीत किंवा खिडकीत डोकावणार नाहीत, हेही लिहा. नाहीतर हरकत घेणारा शेजारी नंतर निघतोच.

अर्ज हिंदीत करा. मूळ प्रत लोकप्रतिनिधींना, एकेक प्रत कलेक्टर, डीसीपी आणि निगमच्या झोन कार्यालयाला. मोती तबेला भागातल्या कलेक्टोरेटमध्ये मंगळवारी जनसुनवाई असते, म्हणजे लोकांचे अर्ज समोर ऐकून घेतात. तिथं दिलेल्या अर्जाची नोंद होते, म्हणून पावती घेतल्याशिवाय हलू नका. 181 या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नंतर, आधी नाही. काम सुरू व्हायच्या आत हेल्पलाइनवर गेलात, तर ज्या कारकुनाकडून प्राक्कलन तपासून घ्यायचं तोच नाराज.

मंजुरी झाली की थांबू नका. 10 रुपये भरून माहिती अधिकारात मंजुरी आदेशाची, कार्यादेशाची आणि हस्तांतरण पत्राची प्रत मागा. उत्तरासाठी 30 दिवस असतात. हस्तांतरण पत्रात कॅमेऱ्यांचे अनुक्रमांक आणि वॉरंटीची तारीख आहे का ते बघा. नसेल तर ठेकेदाराचं शेवटचं बिल निघण्याआधी लेखी हरकत द्या, कारण बिल निघाल्यावर ठेकेदार फोन उचलत नाही.