दुर्बिणीतून ऑपरेशन: पोटातून की खालून?

गुदाशयाच्या (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाच्या) कॅन्सरचं ऑपरेशन ‘दुर्बिणीतून झालं’ असं कुणी सांगितलं, की पुढचा प्रश्न विचारायलाच हवा: दुर्बीण घातली कुठून? आपल्याकडे पोटातून घातली तरी दुर्बीण, गुदद्वारातून घातली तरी दुर्बीण, आणि कोलोनोस्कोपीची तपासणीही दुर्बीणच. मग ‘शेजारच्या काकांचं खालून भागलं, आमच्या बाबांच्या पोटाला भोकं कशाला?’ असा घोळ होतो.

खालून करायची पद्धत जर्मन सर्जन गेरहार्ड बूस यांनी १९८०च्या दशकात आणली. तिला ‘टेम’ (ट्रान्सएनल एंडोस्कोपिक मायक्रोसर्जरी) म्हणतात. सुमारे ४ सेंमी रुंद नळी गुदद्वारातून सरकवायची, वायूने गुदाशय फुगवायचा आणि गाठ आजूबाजूच्या थोड्या निरोगी भागासकट कापून काढायची. पोटावर टाका नाही, सहसा शौच गोळा करायला पोटावर लावायची पिशवीही नाही. ऐकायला फारच छान!

पण निघते ती फक्त गाठ. गुदाशयाभोवती चरबीचं वेष्टण असतं, कॅन्सर आधी पसरतो तो त्यातल्या लिम्फ नोड्समध्ये, म्हणजे छोट्या लसिका ग्रंथींमध्ये, आणि त्यांना इथे हातही लागत नाही. गाठ भिंतीत जितकी खोल, तितका हा धोका मोठा. म्हणून ही पद्धत मुख्यतः अगदी सुरुवातीच्या, ३ सेंमीपेक्षा लहान, वरवरच्या गाठींसाठी.

पोटातून केलेल्या लॅपरोस्कोपीत ते वेष्टण न फाडता गुदाशयासकट काढतात. या ‘टीएमई’चं (टोटल मेसोरेक्टल एक्सिजन) तंत्र ब्रिटिश सर्जन बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये मांडलं, तेव्हा पोट उघडूनच. आता छिद्रांतून होतं, तरी आतलं काम तेवढंच मोठं. आतड्याची उरलेली टोकं जोडल्याची जागा गुदद्वाराजवळ असेल तर बहुधा काही महिने पोटावर पिशवी, आणि नंतरही अनेकांना संडासच्या फेऱ्या वाढतात. १०४४ रुग्णांच्या ‘कलर टू’ अभ्यासात तीन वर्षांत त्याच जागी कॅन्सर उलटण्याचं प्रमाण पोट उघडून आणि लॅपरोस्कोपीने, दोन्हीकडे ५ टक्केच होतं.

रोबोट? तोही सहसा हेच पोटातलं ऑपरेशन करतो, हात सर्जनचेच.

आणि काकांचंही अजून पुरतं भागलेलं नसतं. काढलेली गाठ पॅथॉलॉजीत जाते. ती वाटली त्यापेक्षा खोल निघाली, किंवा कडेपर्यंत कॅन्सर दिसला, तर डॉक्टर त्यांनाही बहुधा पोटातलं ऑपरेशन सुचवतात.