शोभेच्या आरसी गाड्यांचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर

रेडिओवर चालणारी (आरसी) मॉडेल गाडी पळवायची नसून फक्त कपाटात मांडायची असेल, तर तिचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर सहसा तेल न भरता बांधतात. अशा गाडीत शॉकचे काम उरते ते गाडी चारही कोपऱ्यांवर योग्य उंचीला धरण्याचे. हादरे शोषायची वेळ तिच्यावर येत नाही.

शॉकमध्ये भरायचे सिलिकॉन तेल वाळत नाही आणि उडतही नाही. उभ्या गाडीत ते महिनोन्‌महिने शॉकच्या दांड्याभोवतीच्या ओ-रिंगमधून (गोल रबरी सीलमधून) पाझरते आणि खालच्या आर्मवर, म्हणजे चाक धरणाऱ्या भुजेवर, उतरते. त्यावर धूळ बसली की काळा चिकट लेप तयार होतो. रंग न दिलेल्या बॉडीला या तेलाचे बोट लागले, तर रंग तिथे धरत नाही. गोल खळगे पडतात. जुनी गाडी साफ करताना म्हणूनच शॉक आधी सोडवून बाजूला धुवावेत. कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण बहुधा पुरतो. थिनर किंवा अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बॉडीजवळही आणू नये, तिला तडे जातात. अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरला पॉलिशची पेस्ट किंवा तीव्र अल्कधर्मी क्लीनर लावू नये, रंगाचा थरच निघून जातो.

जोडणीत पहिली कटकट ई-क्लिपची. पिस्टन (सिलिंडरमध्ये सरकणारी चकती) दांड्यावर धरणारी ही इवलीशी क्लिप सुटली की खोलीभर शोधावी लागते. हात आणि भाग पारदर्शक पिशवीत घालून बसवलेली बरी. दांडा पकडीत धरायचा असेल तर मध्ये कापड किंवा रबर घ्यावे. त्यावर पडलेला ओरखडा आज दिसणार नाही, पण गाडी कधी पळवायची ठरली तर तोच ओ-रिंग कापतो.

ओ-रिंग कोरडी ठेवणे ही नेहमीची चूक. कोरडे रबर दांड्याला धरून बसते, गाडी एकदा दाबली की एक कोपरा खालीच राहतो आणि स्प्रिंग बिघडली असे वाटते. काळ्या नायट्राइल रबराच्या रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. सिलिकॉन रबराची रिंग मात्र सिलिकॉन तेलात आणि ग्रीसमध्ये फुगते. ती बसवूच नये, ब्लॅडर (शॉकच्या टोपीखालचा रबरी पडदा) आणि उरलेल्या भागांसह नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवावी. पिस्टनच्या कडेला घट्ट डॅम्पर ग्रीस लावले तर दाबलेली गाडी सावकाश वर येते. पाहायला आलेला माणूस गाडी हाताने दाबून बघतोच, तेव्हा ती खेळण्यासारखी टुणकन उडू नये.

खरी मेहनत उंचीची. स्प्रिंगा पूर्ण वजनासाठी बनवलेल्या असतात आणि शोभेच्या गाडीत बॅटरी नसते. खऱ्या गाडीच्या १/१० मापाच्या गाडीतील सहा सेलचा निकेल पॅक साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो. तो नसला की गाडी टाचा उंचावून उभी दिसते. खरी बॅटरी आत ठेवणे धोक्याचे, कारण ती गळते किंवा फुगते. तिच्या मापाचा वजनदार ठोकळा बसवणे सर्वांत सोपे. नाहीतर मऊ स्प्रिंगा घ्याव्यात, किंवा सिलिंडरच्या आत, पिस्टनच्या खाली दांड्यावर इंधनाच्या नळीचा ३ ते ५ मिमी तुकडा ओवावा. जेवढा तुकडा, तेवढी शॉकची लांबी कमी होते. डावी-उजवी नळी मात्र मोजून सारखी कापावी. मग सपाट काचेवर चेसिसखाली चारही कोपऱ्यांत पट्टी लावून फरक पाहावा आणि प्रीलोडच्या, म्हणजे स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवणाऱ्या, चकत्यांनी तो मिटवावा.

गाडी वर्षानुवर्षे टायरांवर उभी राहिली तर टायर खालून चपटतात, म्हणून चेसिसखाली ठोकळा देतात. तो फार उंच असेल तर चाके लोंबतात आणि उंचीसाठी केलेली सारी खटपट वाया जाते. टायर काचेला जेमतेम टेकतील एवढाच ठोकळा हवा.

चेसिसच्या आतल्या बाजूला ‘शॉकमध्ये तेल नाही’ अशी चिठ्ठी चिकटवावी. पुढे कोणी ती गाडी तशीच पळवली, तर पहिल्याच उडीत पिस्टन तळाला आदळतो, बॉल-एंड (शॉकच्या टोकाचा गोल सांधा) निखळतो आणि शॉकचे वरचे टोक धरणारा प्लास्टिकचा शॉक टॉवर तडकतो.