प्लॅन १०० चा, तरी पिंग ४००

भाचा सुट्टीला सांगलीत आला की संध्याकाळी सातनंतर आमच्या विश्रामबागच्या घरात एकच वाक्य ऐकू येतं, "मामा, नेट स्लो आहे, मोठा प्लॅन घे ना." मी घेतला. ५० एमबीपीएसचा (सेकंदाला ५० मेगाबिट) १०० केला. डाउनलोड भराभर व्हायला लागले, गेम मात्र होता तसाच अडखळत राहिला. कारण 'स्लो' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो, स्पीड आणि पिंग.

स्पीड म्हणजे एका सेकंदात किती माल येऊ शकतो. पिंग म्हणजे एक छोटा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, मिलिसेकंदांत. गेमला माल फारच कमी लागतो. खेळाडू कुठे उभा आहे, गोळी कुठे मारली, एवढंच जातं-येतं. एचडी व्हिडिओला साधारण ५ एमबीपीएस लागतात, तर बहुतेक गेम खेळताना १ एमबीपीएससुद्धा पुरून उरतो. पण तो निरोप वेळेवर पोचायलाच हवा.

अंतराचा भाग आपल्या हातात नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सांगली-मुंबई जाऊन-येऊन त्याला जेमतेम ४ मिलिसेकंद लागतात, पण सर्व्हर सिंगापूरला असेल तर ४० च्या आसपास नुसत्या प्रवासातच जातात. कुठलाही प्लॅन ते कमी करत नाही.

आमचं दुखणं मात्र घरातच होतं. एका संध्याकाळी लॅपटॉपवर पिंगची कमांड चालू ठेवून बसलो. २१, २२, २०. मग अचानक १९०, ३४०, ४१०. त्याच वेळी वहिनी लग्नाहून आल्या होत्या आणि त्यांच्या फोनने वायफाय मिळताच फोटो-व्हिडिओंचा बॅकअप सुरू केला होता. तो थांबवला, आकडा परत २१.

ऊस हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागते, तेव्हा मागून येणारा मोटरसायकलवाला कितीही घाईत असो, वाट मिळेपर्यंत अडकतोच. आमचा अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारी वाट, फक्त २० एमबीपीएसचा. बॅकअप ती सगळी वाट भरून टाकतो आणि राउटर जास्तीचा माल रांगेत धरून ठेवतो. गेमचा इवलासा निरोप त्याच रांगेच्या शेपटाला उभा राहतो. याला बफरब्लोट म्हणतात. प्लॅन वाढवूनही तो जात नाही, कारण बॅकअप मिळेल तेवढी वाट व्यापतच जातो. आणि साधी स्पीड टेस्ट पिंग मोजते ती वाट मोकळी असताना, म्हणून तिथे सगळं छान दिसतं.

यावर खरा उपाय राउटरमधलं एसक्यूएम (स्मार्ट क्यू मॅनेजमेंट), म्हणजे ही रांग आवरणारी सेटिंग. आपला मोजलेला स्पीड पाहून मर्यादा त्याच्या ९० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. २० चा अपलोड असेल तर १८. थोडा स्पीड सोडावा लागतो, पण रांग आपल्या राउटरच्या ताब्यात येते आणि तो छोट्या निरोपांना ट्रॉल्यांमागे ताटकळू देत नाही. स्वस्त राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. तिथे क्यूओएस, म्हणजे कुणाला आधी वाट द्यायची ते ठरवणारी सेटिंग, असेल तर गेमच्या फोनला प्राधान्य द्या, नाहीतर बॅकअप रात्रीवर टाका. वायफायचा अडथळा वेगळाच, त्याच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजाऱ्यांचे राउटरही त्याच चॅनेलवर गर्दी करतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर घ्या, कॉम्प्युटरला लॅन केबल लावा.

स्पीड खरंच कमी पडतो तो गेमचा अपडेट उतरवताना. २० जीबीला १०० एमबीपीएसवर साधारण २७ मिनिटं, ५० वर त्याच्या दुप्पट. तेवढ्यासाठी मोठा प्लॅन घ्यायचा तर जरूर घ्या.

आमच्याकडे एसक्यूएम लावल्यापासून बॅकअप चालू असतानाही पिंग ३० च्या वर क्वचितच जातो. वहिनींना आता फोटो थांबवा म्हणावं लागत नाही.